किंग्ज क्रॉसची आयरिश गाणी : 'द पोग्स' बँडचा प्रकरण अभ्यास

४ ऑक्टोबर १९८२ला लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातल्या 'पिंडार ऑफ वेकफिल्ड' या पबमध्ये एका नव्या बँडचा पहिला कार्यक्रम झाला. बँडचं नाव 'पोग महोन'. आयरिश भाषेत ही उघड शिवी आहे, 'माझ्या ढुंगणाचा मुका घे' अशी. इंग्लिश श्रोत्यांना ती कळत नव्हती, म्हणून नाव दीड-दोन वर्षं टिकलं. पुढे स्कॉटलंडमधल्या, आयरिशच्या जवळची गेलिक भाषा जाणणाऱ्यांनी बीबीसीकडे तक्रार केली आणि १९८४मध्ये बँड 'द पोग्स' झाला. त्याच वर्षी 'द क्लॅश' या गाजलेल्या बँडच्या दौऱ्यात सुरुवातीचा कार्यक्रम करायची संधी मिळाली आणि 'स्टिफ रेकॉर्ड्स'ने पहिला अल्बम काढला.

जुनी आयरिश लोकगीतं आणि त्याच घडणीची स्वतःची गाणी पंकच्या, म्हणजे खडबडीत आणि आक्रमक रॉकच्या वेगात गायची, एवढंच त्यांचं काम होतं. त्यावरून जो वाद पेटला तो मात्र थेट राष्ट्रीयत्वाच्या प्रश्नाला भिडला. लंडनमध्ये वाढलेल्या पोरांना आयरिश म्हणवून घ्यायचा हक्क आहे का? असला, तर तो त्यांना देणार कोण? या प्रकरणाकडे परत यावंसं वाटतं, कारण इथे वाद हवेत राहत नाही. ठेका कोणता, वाद्य कुठून आलं, बंदी कोणत्या तारखेला आली, सगळं हाताला लागतं.

माणसं आणि काळ

मुख्य गायक आणि गीतकार शेन मॅकगवन. जन्म २५ डिसेंबर १९५७, इंग्लंडच्या केंट परगण्यात. आईवडील आयरिश, आजोळ आयर्लंडच्या टिपररी परगण्यात नेना या गावाजवळ. बँडच्या आधी तो 'द निप्स' या पंक बँडमध्ये होता. स्पायडर स्टेसी टिन व्हिसल म्हणजे पत्र्याची छोटी बासरी वाजवायचा, जेम फायनर बँजो, जेम्स फर्नली अकॉर्डियन आणि अँड्र्यू रँकन ड्रम. हे चौघे इंग्लंडचे, आयरिश घरातले नव्हेत. बेस गिटार वाजवणाऱ्या कॉइट ओरिअर्डनचे वडील आयरिश आणि आई स्कॉटिश. डब्लिनचे फिलिप शेव्हरॉन आणि टेरी वूड्स नंतर आले.

म्हणजे ज्या बँडला जग 'आयरिश' म्हणून ओळखतं, त्यात सुरुवातीला आयर्लंडमध्ये जन्मलेला एकही माणूस नव्हता. ही गोष्ट कुणी लपवलीही नाही.

आता काळ. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत आयरिश प्रजासत्ताकातून सुमारे चार लाख माणसं कायमची बाहेर पडली. त्यातली बहुतेक इंग्लंडला गेली, बांधकामावर, रस्त्यांवर, इस्पितळांत राबायला. लंडनच्या किलबर्न, क्रिकलवुड, कॅम्डन टाउन या वस्त्या त्यांच्या. त्यांची मुलं इंग्लिश शाळांत शिकली, इंग्लिश उच्चारात बोलू लागली आणि सुट्टीत आजोळी जाऊन तिथली गाणी ऐकत राहिली. २१ नोव्हेंबर १९७४ला बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्बस्फोट झाले, २१ माणसं मेली. संशय सशस्त्र आयरिश गटांवर आला. आठवड्याभरात दहशतवाद प्रतिबंधक कायदा आला. त्यानुसार संशयिताला आरोप न ठेवता सात दिवसांपर्यंत डांबता येई. आयरिश आडनाव आणि आयरिश उच्चार असलेल्या माणसाने सार्वजनिक जागी आवाज खाली ठेवायचा, असे ते दिवस. १९८१च्या तुरुंगातल्या आयरिश कैद्यांच्या उपोषणांनी वातावरण आणखी तापलं. पोग्सच्या आधी मॅकगवन आणि स्टेसीने लंडनच्या 'कॅबरे फ्युचुरा' या क्लबमध्ये आयरिश बंडाची गाणी म्हणून पाहिली, तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी त्यांच्यावर बटाट्याच्या चिप्स फेकल्या.

मायदेशी दुसरं टोक होतं. इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलांना तिथे 'प्लॅस्टिक पॅडी' म्हणून हिणवलं जाई, म्हणजे नकली आयरिश. इंग्लंडमध्ये उपरे आणि आयर्लंडमध्ये नकली. पोग्सचे पहिले श्रोते बहुतांशी हेच.

सूर आणि ठेका : नक्की काय केलं

बँडने चाली मोडल्या नाहीत. पारंपरिक गाण्याची चाल, कडव्यांची रचना, शब्द जसेच्या तसे ठेवले. बदलला तो वेग, तालाचा वजनी भाग आणि आवाजाचा पोत.

आपल्याकडच्या वाचकाला आयरिश नाचांचे ठेके समजायला अवघड नाहीत. 'जिग' म्हणजे सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन गटांचा ताल. आपला दादरा कानात असेल तर जिग लगेच पकडता येतो. 'रील' चार-चारच्या चालीची, केरव्याच्या जवळची. 'पोल्का' दोनची, सरळ आणि उसळती. धुनेचे दोन भाग असतात, अस्ताई-अंतऱ्यासारखे. प्रत्येक भाग आठ बारचा, म्हणजे तालाच्या आठ आवर्तनांचा, दोनदा वाजतो. एकूण ३२ बार, मग पुन्हा पहिल्यापासून.

आता हिशोब. नाचासाठी जिग वाजते तेव्हा मिनिटाला साधारण १२० ठोके असतात. एका बारमध्ये दोन ठोके, म्हणजे ३२ बारला ६४ ठोके आणि ३२ सेकंद. तीच धून १६०वर नेली की २४ सेकंदांत संपते. आठ सेकंद कापली गेली, ती कुठून? उत्तर हरकतींत आहे. आयरिश वादनाचा जीव 'रोल' नावाच्या मुरकीत असतो. एका ठोक्याच्या जागेत पाच सूर बसवायचे, मूळ सूर, वरचा स्पर्श, परत मूळ, खालचा स्पर्श, परत मूळ. १२०च्या लयीत त्यासाठी अर्धा सेकंद मिळतो, १६०ला फक्त ०.३७५ सेकंद. उत्तम वादकही तिथे मुरकी गिळतो. कमी तयारीच्या हातातून तर ती चिखल होऊन बाहेर पडते. त्यामुळे या शैलीत मुरकी सोडून द्यावी लागते आणि धून उघडी, सपाट, ठणठणीत ऐकू येते. पारंपरिक संगीताच्या पंडितांचा राग मुळात इथून सुरू होतो आणि संगीताच्या दृष्टीने तो खोटा नाही. जे गेलं ते खरोखरच मोलाचं होतं.

मिळालं काय? शब्द पुढे आले. नाचाच्या धुनेत मुरकी राणी असते, पण बँडचा गाभा धुनांचा नव्हता, इंग्रजीतल्या बॅलड गाण्यांचा होता. दारू, रेल्वेची खोदाई, बोटी, तुरुंग, सैन्यभरती अशा विषयांची ही कथागीतं गटाने ओरडून गाण्यासाठीच बनली होती. आयरिश भाषेतलं, साथीविना, मोकळ्या लयीत, आलापासारखं फिरणारं 'शॅन-नोस' गायन ही वेगळी शाखा. पोग्सने तिला हात लावला नाही. वाद घालणारे पुष्कळदा या दोन शाखा एकत्र करतात आणि मग चर्चा भरकटते. ज्या शाखेवर बँड उभा होता, तिथे खरखरीत गळा हा दोष मानला जात नाही. 'द डब्लिनर्स' हा लोकगीतं गाणारा गट १९६२पासून तसंच गात होता.

ड्रमचा निर्णय मला सर्वांत हुशारीचा वाटतो. सुरुवातीच्या काळात रँकन उभा राहून वाजवायचा. समोर एक स्नेअर म्हणजे खणखणीत वाजणारा छोटा ड्रम, एक फ्लोअर टॉम म्हणजे जमिनीवर उभा, घुमणारा ड्रम, बस. पायाने वाजायचा मोठा ड्रम नाही, झांजांचा सततचा मारा नाही. रॉकचा नेहमीचा पूर्ण संच आयरिश धुनेवर चढवला की दोन गोष्टी बिघडतात. एक, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर बडवली की रीलचा अंगचा झोल मरतो. तिचे सूर कागदावर सारखे असले तरी वाजवताना पहिला किंचित लांब आणि दुसरा किंचित आखूड पडतो, हे वजन ड्रम चिरडून टाकतो. दोन, झांजांची झणझण आणि टिन व्हिसलची वरची पट्टी एकाच कंपनांच्या प्रदेशात भांडतात. व्हिसलचे सूर साधारण ५८७ पासून २,३५० हर्ट्झपर्यंत जातात, त्यांचा श्वास आणि धार आणखी वर. तिथे झांज आली की व्हिसल ऐकू येत नाही, नुसती टोचते. टॉम-स्नेअरचा संच खाली राहतो आणि वरची जागा व्हिसल-बँजोला मोकळी सोडतो. शिवाय उभ्याने वाजवलेला ड्रम मिरवणुकीतल्या ढोलासारखा लागतो. स्टेसी कधीकधी बिअरचा पत्र्याचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ताल धरायचा. दिसायला तो धिंगाणा असला, तरी आवाजाच्या हिशोबात झांजेची रिकामी जागा तोच भरत होता.

पट्टी निवडणं हे दुसरं काम. साध्या टिन व्हिसलला सहा भोकं, पल्ला दोन सप्तकांचा. 'डी' पट्टीच्या व्हिसलवर डी आणि जी मेजर सहज निघतात, बाकीच्या पट्ट्यांत अर्धी भोकं झाकत बसावं लागतं आणि जलद लयीत ते जमत नाही. म्हणून गायकाचा गळा कुठेही असो, गाणं आधी डी किंवा जीमध्ये म्हणून पाहायचं. फारच चढं किंवा खालचं वाटलं तर 'सी' पट्टीची व्हिसल आणायची आणि गिटारवाल्याने आपली पकड बदलायची. उलटं केलं, म्हणजे गायकाच्या सोयीने बी फ्लॅट ठरवून व्हिसलवाल्याला जुळवून घ्यायला सांगितलं, की तालीम तिथेच अडते.

सूर लावताना अकॉर्डियन मालक. तिच्या पट्ट्या कारखान्यात किंवा कारागिराकडे जुळवल्या जातात, स्टेजवर हलवता येत नाहीत. बाकी सगळ्यांनी तिच्याशी जुळायचं. स्वस्त व्हिसलचं तोंड बहुतेकदा नळीला डिंकाने चिकटवलेलं असतं. ते गरम पाण्यात मिनिटभर धरून हळूच फिरवलं की सुटतं आणि मग पुढे-मागे सरकवून सूर जमवता येतो.

मोठ्या आवाजात ही वाद्यं का रुसतात

घरगुती बैठकीची वाद्यं पंकच्या आवाजात उभी केली की तीन ठिकाणी हमखास घोळ होतो.

बँजोचा पडदा म्हणजे ताणलेलं कातडं किंवा प्लॅस्टिक, तबल्याच्या पुडीसारखंच. मोठ्या स्पीकरसमोर तो स्वतःच माइकसारखा थरथरतो आणि शिट्टी मारायला लागतो. साउंडवाला आवाज कमी करतो, मग बँजो ऐकूच येत नाही. उपाय जुना आणि फुकटचा आहे. पडदा आणि मागची दांडी यांच्यामध्ये कापडाची घडी किंवा फोमचा तुकडा कोंबायचा. गुंज थोडी कमी होते, पण शिट्टी थांबते आणि जलद सुरांची टकटक स्पष्ट होते. या शैलीला हवी तीच.

अकॉर्डियनचा आवाज दोन टोकांतून येतो, उजव्या हाताच्या पट्ट्या एकीकडे आणि डाव्या हाताचे बेस सूर दुसरीकडे, आणि भाता उघडला की ती टोकं एकमेकांपासून लांब जातात. स्टँडवर एकच माइक लावला तर भात्याच्या प्रत्येक ओढीला आवाज येतो-जातो. दोन माइक लागतात, डाव्या बाजूचा तर वाद्यालाच अडकवलेला बरा. बेस गिटार असेल तर डावी बाजू जवळजवळ बंद ठेवावी, नाहीतर खालचे सूर एकमेकांत कालवले जातात.

व्हिसलचा घोळ सर्वांत फसवा. तिच्यात आवाज वाढवायचा तर जास्त फुंकावं लागतं आणि जास्त फुंकलं की सूर चढतो. ड्रमच्या शेजारी उभ्या असलेल्या वादकाला स्वतःचं ऐकू येत नाही, तो नकळत जोर लावतो आणि पूर्ण गाणं पाव सुराने वर वाजवतो. श्रोत्याला वाटतं याला वाजवता येत नाही. खरं कारण समोरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकाला स्वतःचं ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये, व्हिसल नसणं. माइकही नळीच्या शेवटाशी नव्हे, तोंडाजवळच्या खिडकीपाशी धरायचा, कारण आवाज मुख्यतः तिथून निघतो.

पोग्सचे सुरुवातीचे कार्यक्रम विस्कळीत असायचे. त्याचं खापर दारूवर फोडायची सवय आहे आणि दारूचा वाटा होताच. पण त्या छोट्या पबच्या साउंड यंत्रणेत हे तिन्ही घोळ एकदम होणं अटळ होतं, हे ध्यानात घ्यायला हवं. १९८५च्या दुसऱ्या अल्बमचा निर्माता एल्व्हिस कॉस्टेलो याने हा खडबडीतपणा गुळगुळीत न करता तसाच पकडायचं ठरवलं. त्या अल्बमवर वाद्यं एकमेकांपासून सुटी आणि कोरडी ऐकू येतात, खोलीत समोर बसल्यासारखी.

अस्सल कुणाचं

१९८५मध्ये आयरिश सरकारी रेडिओवर, बँडची माणसं समोर असताना, कॉन्सर्टिना या हातात धरायच्या छोट्या भात्याच्या वाद्याचे नामवंत वादक नोएल हिल यांनी या संगीतावर कडाडून टीका केली. आयरिश संगीताची ही विटंबना आहे, असा त्यांचा रोख होता. बँडने उत्तर दिलं ते परंपरेच्याच भाषेत. १९८६च्या चार गाण्यांच्या तबकडीवर त्यांनी एक वाद्यधून टाकली आणि तिचं नाव ठेवलं 'प्लँक्स्टी नोएल हिल'. 'प्लँक्स्टी' म्हणजे आश्रयदात्याच्या सन्मानार्थ रचलेली धून. अंध हार्पवादक टर्लॉ ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) ज्यांच्या घरी उतरायचा त्यांच्या नावे अशा धुना बांधायचा. टीकाकाराला टोमणा मारतानाही हाताशी आलं ते अडीचशे वर्षांपूर्वीचं रूप. ज्यांना परंपरा ठाऊक नाही असा आरोप होता, त्यांना हे सुचलं, हे विसरू नये.

टीकाकारांची बाजू मात्र पोकळ नव्हती. त्यांच्यामागे १९५१ला स्थापन झालेल्या 'कोल्तस क्योल्तोरी एरन' या संस्थेसारखं मोठं काम होतं. विझत चाललेलं वादन गावोगावच्या वर्गांनी आणि स्पर्धांनी परत उभं केलं गेलं होतं. त्यांना दुसरी भीतीही होती. झिंगलेला, भांडखोर, वेडाविद्रा आयरिश माणूस हे इंग्लिश रंगभूमीवरचं आणि व्यंगचित्रांतलं जुनं सोंग. ते सोंग आता आपलीच माणसं स्टेजवर मिरवतायत आणि इंग्लिश श्रोते त्याला टाळ्या देतायत, हे पाहून ज्यांच्या पोटात कालवलं त्यांना दोष देता येणार नाही.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. 'शुद्ध परंपरा मायदेशी, भेसळ परदेशी' ही मांडणी इतिहासात टिकत नाही. ज्याला पारंपरिक आयरिश सामूहिक नाच म्हणतात तो 'केली' या नावाचा पहिला जलसा आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या गेलिक लीग या संस्थेने ३० ऑक्टोबर १८९७ला भरवला, तोही लंडनच्या ब्लूम्सबरी हॉलमध्ये. धुनांचा ज्याला आजही वादक पोथी मानतात तो १,८५० धुनांचा संग्रह १९०३ला फ्रान्सिस ओ'नील यांनी काढला, ते शिकागोचे पोलीसप्रमुख होते. स्लायगो परगण्याची फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवायची शैली आयर्लंडभर पसरली ती मायकेल कोलमनच्या तबकड्यांमुळे आणि त्या १९२०च्या दशकात न्यूयॉर्कला भरल्या गेल्या. पबमध्ये गोल बसून वाजवायची 'सेशन'ची रीतही मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या आयरिश मजुरांमध्ये रुजली. उलट मायदेशी १९३५च्या नृत्यगृह कायद्याने घराघरांतल्या नाचांची कोंडी केली होती.

वाद्यांचंही तेच. बोरान हा हातात धरायचा डफ आज आयरिशपणाची खूण आहे, पण बैठकीच्या मंचावर त्याला मान मिळवून दिला संगीतकार शॉन ओ रिआदा यांनी, १९६०च्या दशकात. बुझुकी हे लांब मानेचं तंतुवाद्य तर ग्रीसचं. ते आयरिश संगीतात आलं १९६०च्या दशकातल्या 'स्वीनीज मेन' या गटातून आणि वीस वर्षांत 'पारंपरिक' झालं. त्या गटात थोडं नंतर आलेले एक वादक होते टेरी वूड्स, हेच पुढे पोग्समध्ये आले. म्हणजे एका पिढीचा नियमभंग दुसऱ्या पिढीची परंपरा कशी होते, हे या माणसाने दोनदा आतून पाहिलं.

डब्लिनर्सचंही उदाहरण आहे. १९६७मध्ये त्यांचं एक जुनं चावट गाणं आयरिश रेडिओने वाजवायचं नाकारलं, तेच ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेलं. वीस वर्षांनी, १९८७मध्ये, हेच डब्लिनर्स परंपरेचे वडीलधारे म्हणून पोग्सबरोबर गायला उभे राहिले. ते एकत्र गायलेलं लोकगीत आयर्लंडमध्ये पहिलं आणि ब्रिटनमध्ये आठवं आलं. बँडला घरात घेतलं गेलं ते लेख लिहून नव्हे, या शेजारी उभं राहण्याने.

गाण्यांची निवडही पाहावी. दुसऱ्या अल्बममधलं जे गाणं आज जगभरच्या आयरिश पबमध्ये हमखास म्हटलं जातं, ते इवन मॅकॉल यांनी १९४९ला इंग्लंडमधल्या सॅलफर्ड या गिरणीच्या शहराबद्दल लिहिलं. त्याच अल्बममधलं युद्धावरचं दीर्घ गीत ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या स्कॉटिश माणसाचं. कामगारांच्या अनुभवाला देशाची सीमा लागू पडत नाही आणि लोकांनी ही गाणी आयरिश म्हणून उचलली ती त्यांत स्वतःचं आयुष्य दिसलं म्हणून. १९८७च्या नाताळात ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेल्या, पोग्सच्याच 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' या गाण्यात स्त्रीचा आवाज आहे कर्स्टी मॅकॉलचा, त्याच इवन मॅकॉलची मुलगी.

बंदी

जानेवारी १९८८च्या तिसऱ्या अल्बममध्ये दोन भागांचं एक गाणं होतं. पहिला भाग वूड्सचा, संथ आणि हताश. दुसरा मॅकगवनचा, बर्मिंगहॅमच्या स्फोटांसाठी १९७५ला जन्मठेप झालेल्या सहा आयरिश माणसांबद्दल. ती माणसं निर्दोष आहेत, असं गाणं उघड म्हणत होतं. १९ ऑक्टोबर १९८८ला ब्रिटिश सरकारने उत्तर आयर्लंडमधल्या काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करायला बंदी घातली. खासगी वाहिन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने त्या आधारावर हे गाणंही बंद केलं. गाणाऱ्यांचा कुठल्याही संघटनेशी संबंध नव्हता, तरीही. १४ मार्च १९९१ला अपील न्यायालयाने सहाही जणांची शिक्षा रद्द केली. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती.

या घटनेने वादाचं वजन बदललं. पोरांना आयरिश म्हणावं का हा प्रश्न तोवर सौंदर्याचा होता. आता ब्रिटिश यंत्रणेनेच त्यांना त्या बाजूला उभं केलं होतं. आणि जे बोलायला अनेकजण कचरत होते, ते या लंडनच्या बँडने मोठ्याने म्हटलं होतं.

बंदीच्याच वर्षी, १२ जून १९८८ला श्टुटगार्टमध्ये, आयर्लंडच्या फुटबॉल संघाने इंग्लंडला १–० हरवलं. गोल रे हाउटनचा, जन्म ग्लासगोचा. संघातले अनेक खेळाडू इंग्लंडमध्ये जन्मलेले, प्रशिक्षक जॅक चार्लटन तर १९६६ला इंग्लंडसाठी विश्वचषक जिंकलेला. १९५६च्या नागरिकत्व कायद्यानुसार आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाचं मूल कुठेही जन्मलं तरी आयरिश नागरिक. कायद्याने तीस वर्षांपूर्वीच दिलेलं उत्तर मैदानावर आणि स्टेजवर एकाच वर्षी लोकांच्या गळी उतरलं. १९८९ला मंदीमुळे एका वर्षात सुमारे ७०,००० माणसं आयर्लंड सोडून गेली. पुन्हा प्रत्येक घरातलं कुणीतरी लंडन किंवा बॉस्टनला होतं, त्यामुळे 'नकली आयरिश' ही शिवी स्वतःच्याच नातवंडांना लागणार हे दिसू लागलं. १९९०ला राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेरी रॉबिन्सन यांनी देशाबाहेरच्या आयरिशांसाठी निवासस्थानाच्या खिडकीत दिवा तेवत ठेवला. १९९८च्या सार्वमताने राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात परदेशातल्या आयरिश वंशाच्या लोकांशी असलेल्या विशेष नात्याचा उल्लेख आला. हे सगळं पोग्समुळे घडलं असं कुणी म्हणणार नाही. पण राज्यघटनेला जे शब्द १९९८ला सापडले, त्यांची चाल किलबर्नच्या पोरांच्या तोंडी आधीपासून होती.

जे मोडलं

हे प्रकरण यशाचं म्हणून सांगताना एक किंमत झाकली जाते. टीकाकारांना ज्या सोंगाची भीती होती, ते सोंग मॅकगवनच्या शरीरावर खरं झालं. श्रोते त्याच्या हातात पेले द्यायचे, तोल गेला की जल्लोष करायचे. सततचे दौरे, मद्य आणि अमली पदार्थ यांनी गळ्याची धार गेली, शब्द विसरू लागले. १९९१मध्ये जपानच्या दौऱ्यावर बाकीच्यांनी त्याला बँडमधून काढलं. काही काळ 'द क्लॅश'चा जो स्ट्रमर आणि मग स्टेसी गायले. १९९६ला बँड थांबला, २००१ला पुन्हा जमला आणि २०१४पर्यंत अधूनमधून वाजत राहिला.

पुढच्या बँडनी इथून चुकीचा धडा उचलला, असं मला ठाम वाटतं. वेग आणि पेला त्यांनी घेतला, शब्दांची मेहनत सोडली. मॅकगवनच्या गाण्यांत नाव असलेली पात्रं आहेत, ठिकाणं आहेत, म्हाताऱ्या सैनिकाची लघवी आणि उलटी आहे, माफी मागायला उशीर झालेली माणसं आहेत. हिरवा शर्ट आणि द्रुत लयीतली अकॉर्डियन एवढ्याने ते उभं राहत नाही. गेल्या काही वर्षांत डब्लिनचा 'लँकम' हा गट उलट्या दिशेने गेला. लय अतिसंथ केली, खाली घुमणारा षड्ज धरला आणि तीच जुनी कथागीतं अंगावर काटा येईल अशी म्हटली. पोग्सचा खरा वारसा मला तिथे जास्त दिसतो.

३० नोव्हेंबर २०२३ला मॅकगवन गेला. ८ डिसेंबरला डब्लिनच्या रस्त्यांतून घोडागाडीत शवपेटी फिरली आणि मग नेनाच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स पुढच्या रांगांत होते. न्यूयॉर्कचं ते नाताळगीत ग्लेन हॅन्सर्ड आणि लिसा ओ'नील यांनी म्हटलं, तेव्हा वेदीसमोर घरची माणसं उठून नाचायला लागली. जुन्या साथीदारांनी निरोपाचं ते पारंपरिक गाणं वाजवलं, जे आयर्लंडमध्ये मैफलीच्या शेवटी आणि मयतालाही म्हणतात. लंडनमध्ये जमलेल्या बँडच्या माणसांनी टिपररीच्या चर्चमध्ये, संथ लयीत, सगळ्या मुरक्यांना जागा देऊन.